गेले, गेलो आणि येस

'जानेवारीत मी नंदुरबारला गेले' असं पहिलं वाक्य लिहिलं आणि खोडलं. मग 'गेलो' लिहून पाहिलं. वाचताना कानशिलं गरम झाली, म्हणून तेही खोडलं. आता प्रवासवर्णन लिहायचं आणि त्यात गेले, आले, पोचले यांतलं काहीच लिहायचं नाही म्हणजे बिनमिठाचं पिठलं करण्यासारखं आहे. पण करून बघू. मराठीत तोंड उघडलं की पहिल्याच वाक्यात आपण बाई की बुवा ते जाहीर करावं लागतं. कोल्हापूरच्या मुली खुशाल 'मी आलो' म्हणतात आणि त्यांना कोणी काही विचारत नाही. माझा जन्म मात्र पुण्याचा, आणि पुण्यात विचारतात. त्यातल्या त्यात 'आम्ही' म्हटलं की सुटका. 'आम्ही गेलो' सगळ्यांनाच चालतं. तेव्हा या मजकुरात 'आम्ही' जरा जास्त दिसेल, सांभाळून घ्या.

माझं नाव मृणाल. हे नाव मुलींचं असतं आणि मुलांचंही असतं, हा आईवडिलांनी नकळत केलेला उपकार. शाळेत मुलींच्या रांगेत, लग्नकार्यात साडीत, रिक्षावाल्याच्या तोंडी 'ताई' होऊन मी तिशी ओलांडली. त्या रांगेत आपण चुकून उभे आहोत असं लहानपणापासून वाटायचं. त्याला नाव आहे हे फार उशिरा कळलं. नावं बरीच आहेत. तयार शर्टासारखं मी एकेक अंगाला लावून पाहिलं, कुठे खांद्यात घट्ट, कुठे पोटावर सैल. बाई नाही हे नक्की. पुरता बुवा का, ते अजून ठरायचंय. आणि जीव जडतो तो बायकांवर, हे तर कॉलेजातच कळलं होतं. एका समुपदेशक बाईंकडे जाणं चालू आहे. त्याच एकदा म्हणाल्या, "ज्या माणसाला सांगायची सगळ्यात जास्त भीती वाटते, ते माणूस कोण?" मी म्हटलं, "हर्षदा." त्या म्हणाल्या, "मग?"

मग काय. मी पुण्याहून रात्रीची बस धरली.

नंदुरबार

या गावात माणसाचं स्वागत शिंकेनं होतं. पहाटेच्या धुक्यात बसमधून पाय खाली टाकला आणि नाकात मिरची गेली. गावाबाहेर मोकळ्या रानात लाल मिरची वाळत घातलेली असते, नजर जाईल तिथवर लालच लाल. मधून ओळीनं बायका चालतात, डोक्यातोंडाला फडकी बांधून, पायानं मिरची खालीवर करत. शिंका देता देता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि नेमकी त्याच अवस्थेत हर्षदा समोर उभी.

"अगं, रडतेस काय? एवढी आठवण आली होती माझी?"

हर्षदा माझी नाशिकच्या होस्टेलमधली खोलीतली सोबतीण. आता लोणखेड्याच्या एका कॉलेजात शिकवते. कोरीट हे तिचं माहेर. आम्ही तीन वर्षं एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो, परीक्षेच्या दिवसांत एका गादीवर वाचता वाचता झोपी गेलो. आणि मला भीती होती ती याच तीन वर्षांची. मी सांगितल्यावर ही तो एकेक दिवस उलटून पाहील आणि म्हणेल, म्हणजे तेव्हासुद्धा? मैत्रीण म्हणून जे जे झालं त्यावर ती काट मारेल. हर्षदा गेली तर माझी अर्धी तरुणाई जाणार होती.

गाडीत बसल्याबसल्या तिचा फोन वाजला. "येस माय, येस. आते येस."

मी म्हटलं, "बरीच सुधारलीस. आईशी इंग्रजीत?"

ती इतकी हसली की गाडी बाजूला घ्यावी लागली. "येस म्हणजे येते गं, वेडे! अहिराणी आहे ती. मी येस, तू येस, तो येस, ती येस."

"थांब. बाईनं म्हटलं तरी येस आणि बुवानं म्हटलं तरी येस?"

"हो मग! मी जास, मी खास, मी करस. काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. पण झालं होतं. मराठी माणूस घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, नाहीतर 'येते' म्हणतो. तिसरं काही नाही. त्या एका शब्दापाशी मी कैक वर्षं अडखळत आले-लो, हे बघा, झालीच गफलत. तर त्या शब्दापाशी माझं कैक वर्षं अडत आलं. 'चला' किंवा 'बाय' असं पुटपुटून चपला शोधायच्या, ही माझी युक्ती. नातेवाईक म्हणतात, मृणालला निरोप घ्यायची रीत नाही. आणि इथे तापीकाठी लोक रोज उठून, काही न ठरवता, नुसतं 'येस' म्हणतात!

कोरीट

हर्षदाच्या आईला सगळं गाव माय म्हणतं. ठेंगणी, काटक, बोलायला लागली की थांबत नाही. तिचं मी निम्मं समजून घेतलं आणि निम्म्यावर मान डोलावली. जेवायला दादरची भाकरी आणि भरीत. दादर म्हणजे इकडची रब्बीची ज्वारी, भाकरी जरा गोडसर लागते. वांगी हिरवी, भली मोठी, कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजलेली. पुण्यात आम्ही गॅसवर वांगं काळं करतो आणि त्याला भरीत म्हणतो. देव क्षमा करो. वर कच्चं तेल, कांद्याची पात, आणि ठेचा असा की डोक्यावरचे केस उभे राहावेत.

"खाय ना, लाजू नको," माय म्हणाली. "भाकर लेस का?"

"लेस," मी म्हटलं. पहिलाच शब्द बरोबर आला म्हणून टाळ्या पडल्या आणि माझी भीड चेपली. हर्षदानं मग मला दुपारभर शिकवणी दिली. मुलगी म्हणजे अंडेर, मुलगा म्हणजे अंडोर. मन्ही अंडेर, मन्हा अंडोर. 

ऊन कललं तेव्हा शेजारची जिजी ओट्यावर येऊन टेकली. ऐंशीच्या घरातली बाई. तिनं माझे आखूड केस, शर्ट, जीन्स असं सावकाश पाहून घेतलं आणि मायला विचारलं, "कोन शे व हाई? कोन्ही अंडेर?"

मायनं सांगायच्या आत मी नवा शब्द परजला. मोठ्यानं म्हटलं, "मी पुणाना अंडोर शे!"

ओट्यावर हसण्याचा एकच कल्लोळ. जिजीच्या तोंडाचं बोळकं उघडंच राहिलं. हर्षदा भिंतीला टेकून पोट धरून हसत होती. मला कळेना काय झालं; कळलं तेव्हा पायांखालची जमीन सरकली. एका मात्रेची चूक. ए च्या जागी ओ. घरी आरशासमोरसुद्धा जे वाक्य धड म्हणता आलं नव्हतं, ते परक्या गावात, परक्या भाषेत, खणखणीत आवाजात म्हणून बसलं होतं माझं तोंड!

माय डोळे पुसत म्हणाली, "चांगलं झायं. मले तिन्ही अंडेरी. अंडोर नव्हता, तो घरबठ्या भेटना."

तेव्हापासून मी मायचा अंडोर. "अंडोर, चहा लेस का? अंडोर, आंग धोवाले पानी काढं." थट्टाच होती. पण दर हाकेला माझ्या छातीत काहीतरी उबदार व्हायचं, आणि लगेच त्यावर भीतीचं पाणी पडायचं, की हिला खरं कळलं तर ही हाक बंद होईल.

लोणखेडा

हर्षदाचा नवरा नीलेश पपई लावतो. बोलतो कमी, पण पपईचा विषय काढा, मग बघा. झाडाला फूल आल्याशिवाय ते नर का मादी हे कळत नाही म्हणे. आणि बाजाराला हवी ती नर-मादी दोन्ही असलेल्या झाडाची लांबट पपई; व्यापारी तीच मागतो. मी बांधावर उभ्या उभ्या ऐकून घेतलं. इथे आता मी निसर्गाबद्दल काहीतरी थोर लिहीन असं वाचकाला वाटलं असेल. नाही लिहिणार. पपईला आईवडिलांना काही समजावून सांगावं लागत नाही. फळ मात्र काय सुरेख होतं! झाडावर पिकलेली पपई मी आजवर खाल्लीच नव्हती.

नीलेश पाणी सोडायला पुढे गेला. बांधावर आम्ही दोघंच. मी मनात म्हटलं, आता. "हर्षू, एक सांगायचं होतं."

"सांग की."

"...पपई छान आहे."

"एवढं सांगायला पुण्याहून आलीस?"

परतताना रस्त्याकडेच्या रसवंतीवर थांबलो. रसवाला चरकाला ऊस लावत मागे न बघता म्हणाला, "दादा, आलं-लिंबू टाकू का?" मग वळला, माझा चेहरा पाहिला, जीभ चावली. "सॉरी ताई, सॉरी." हर्षदा उखडली. "दिसत नाही का हो तुम्हाला?" मी तिला म्हटलं, "असू दे गं," आणि ग्लास तोंडाला लावला. तो रस मला जरा जास्तच गोड लागला, आणि ते लपवायला जमलं नाही, कारण हर्षदा माझ्याकडे टक लावून बघत होती.

तोरणमाळ

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच तोरणमाळला निघालो. म्हसावदपर्यंत केळी, ऊस, सपाट रस्ता. मग सातपुडा समोर उभा राहतो आणि घाट सुरू होतो. त्या वळणांनी माझी पुरती लाज काढली. एका वळणावर गाडी थांबवायला लावून मी सकाळचा सगळा नाश्ता सातपुड्याला अर्पण केला. हर्षदा पाठीवरून हात फिरवत उभी. एक पावरा आदिवासी बाई डोक्यावर मोळी घेऊन चालली होती, तिनं मोळी उतरवली, कमरेच्या ओच्यातून चिंचेचं बोटूक काढून माझ्या हातावर ठेवलं आणि काही न बोलता पुढे गेली. चिंच चोखली आणि खरंच थांबलं. तिची बोली आम्हाला येत नव्हती, तरी हर्षदानं लांबून हात जोडले.

वर तलावाकाठी थंडी चांगलीच होती. पाणी शांत. आम्ही उन्हात दगडावर बसलो. हर्षदा एकदम म्हणाली, "काल त्यानं तुला दादा म्हटलं, तर तू खूश झालीस."

मी एक खडा उचलून पाण्यात भिरकावला.

"मी तुला तीन वर्षं झोपेत बडबडताना ऐकलंय, मृणाल. काय ते सांग. पपई सोडून."

सांगितलं. कसं सांगितलं ते आता नीट आठवत नाही. पाण्याकडे बघत, एका दमात, मधली अर्धी वाक्यं गिळत. की मी मुलगी नाही, कधी नव्हतंच तसं काही आत. की जे आहे त्याला अजून पुरतं नाव नाही. की मुलगे मला कधी आवडले नाहीत, मुली आवडतात. हर्षदा ऐकत राहिली. मग तिनं तेच विचारलं जे तिनं विचारू नये म्हणून मी पुण्यापासून देव पाण्यात घातले होते.

"मी पण?"

"हो. तेव्हा. तू मला खूप आवडायचीस."

ती उठली. पाण्याच्या कडेनं चालत लांब गेली, पाठमोरी. ओढणी वाऱ्यावर उडत होती ती तिनं गळ्याभोवती करकचून गुंडाळली. मला वाटलं, संपलं. आता ही गाडीत बसेल, घाटभर रेडिओ लावेल, आणि पुढच्या दिवाळीला फक्त एक मेसेज येईल. मी रडू दाबलं नाही. कशाला दाबायचं? पोटात तर आधीच काही उरलं नव्हतं.

ती परत आली तेव्हा तिचेही डोळे लाल. रागानं म्हणाली, "माझ्या लग्नात सगळ्यांत जास्त कोण नाचलं होतं?"

"मी."

"आणि मग?"

"मग घरी जाऊन दोन दिवस ताप."

"बावळट!" असं म्हणून तिनं मला पाठीत धपाटा घातला आणि शेजारी बसली. बराच वेळ नाक ओढत राहिली. "आणि आता?"

"आता नाही गं तसं. आता तू हर्षू आहेस. पण ती तीन वर्षं तुझ्यासाठी खोटी ठरली, तर माझ्याकडे काही उरत नाही."

"खोटी कशानं ठरतील?" ती म्हणाली. "होस्टेलमध्ये पहिल्या आठवड्यात मी मेसमध्ये 'मीठ कोठे शे' म्हटलं आणि अख्खं टेबल हसलं. आठवतं? तेव्हापासून तुझं ऐकून ऐकून मी शुद्ध बोलायला शिकले. तीन वर्षं रोज. घरचा फोन आला की जिन्यात जाऊन बोलायचे, तुला ऐकू जाऊ नये म्हणून. मी पण लपवतच होते की. म्हणून आपली मैत्री खोटी झाली का?"

मी तिचा हात धरला, तिनं तो काढून घेतला नाही.

"मला सगळं कळलं असं नाही हं," ती म्हणाली. "उद्या तोंडातून परत गं-बिं निघेल."

"निघू दे. मलाही अजून माझं धड बोलता येत नाही. कुठलं क्रियापद घ्यावं तेच कळत नाही."

तिनं माझ्याकडे वळून बघितलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "अगं मग... अरे... जाऊ दे. मग अहिराणीत बोल ना!"

उतरताना सगळा घाट आम्ही तेच केलं. "तू कथा जास?" "मी कोरीट जास." "तू काय खास?" "मी भरीत खास." मी प्रत्येक वाक्य मोठ्यानं म्हणायचं, तिनं उच्चार दुरुस्त करायचे. खिडकी उघडी, वारा थंडगार, आणि मी जास, मी खास, मी करस, एवढ्यानं मला इतका आनंद झाला की ओकारी विसरली. "आणि भूतकाळात?" मी विचारलं.

"भूतकाळात भानगड शे," हर्षदा म्हणाली. "वर्तमानकाळावर भागस का?"

"भागस."

कोरीट, निघताना

शेवटच्या दिवशी पुन्हा मायकडे. बॅग गाडीत ठेवली आणि माय ताट घेऊन बाहेर आली. ताटात हळदकुंकू, गहू, नारळ, खण. माझा हात गाडीच्या दारावरच राहिला. ओटी म्हणजे बाईपणाचा शिक्काच. आजवर अशा ताटासमोर मी नेहमी हसरा चेहरा करून मनानं दुसरीकडेच. हर्षदाच्या ते ध्यानात आलं. ती पुढे झाली. "माय, ऱ्हाऊ दे ना ते."

"काबर? रिकामा हाते धाडू का?"

"मृणालनं लगीन नही झायं अजून. ओटी कशी भरस?"

"कोन भरस, कोन नही भरस. मी भरस," माय म्हणाली. मग ती माझ्या शर्टाकडे बघत थबकली. "पदर ते नही. ओढनी बी नही. घालू कशामा?"

ताट हर्षदाच्या हातात देऊन ती आत गेली. पेटीचं झाकण वाजलं. बाहेर आली ती कोरा टॉवेल आणि पांढरी टोपी घेऊन. खानदेशात पुरुष पाहुणा निघाला की त्याला टॉवेल-टोपी देतात. घरोघरी अशी जोडी आणून ठेवलेली असते. तिनं टॉवेल झटकून उलगडला. "धर."

मी दोन्ही हातांनी टॉवेल पसरून धरला. मायनं त्यात ओंजळ ओंजळ गहू घातले, नारळ ठेवला, खण ठेवला, वर स्वतःच्या हातानं गाठ मारली. मग कुंकवाचं बोट माझ्या कपाळापाशी आणलं आणि तिथेच थांबली.

"लावू?"

असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी मान हलवली. तिनं बारीकसं कुंकू लावलं. मग टाचा उंचावून ती पांढरी टोपी माझ्या डोक्यावर ठेवली आणि जराशी तिरकी केली. "टोपी बी शे ना संगे. ठेवू कोनासाठे?"

मायनं काय ओळखलं, काही ओळखलं की नाही, मला माहीत नाही. हर्षदा शपथेवर सांगते की तिनं अवाक्षर काढलेलं नाही. कदाचित पदर नव्हता म्हणून टॉवेल आला आणि टॉवेलबरोबर टोपी आली, एवढंच असेल. त्या क्षणी मला ते विचारावंसंही वाटलं नाही. कपाळावर कुंकू, डोक्यावर टोपी, हातात गव्हाचं गाठोडं, आणि दोन्ही डोळ्यांतून घळाघळा पाणी, या वेळी मिरचीशिवाय.

हर्षदानं गाडी चालू केली. माय खिडकीशी आली, माझ्या गालावरून हात फिरवून बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली आणि म्हणाली, "परत येजो." पुढे तिनं मला हाक मारली, ती अंडोर होती की अंडेर, ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. 

चपला शोधाव्या लागल्या नाहीत. 'चला' म्हणावं लागलं नाही.

"येस, माय," मी म्हटलं. "मी येस."